बोडक्या देठांचा चोर

उन्हाळ्यात पार उत्तरेकडच्या आमच्या ट्रोम्सो शहरात कुणी धड झोपत नाही आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. सूर्य मावळतच नाही, घाण्याच्या बैलासारखा डोंगरांच्या डोक्यावरून फिरत राहतो आणि त्याच्यामागे माणसं. कुणी जेवणं झाल्यावर शिडी लावून घराला रंग द्यायला लागतं, कुणी गवत कापतं, कुणी बोट खरवडतं. ऊन पडलेलं असताना घरात बसणं म्हणजे पाप. मी इथं नवीन असताना एकदा लखलखीत उन्हात चादरींना इस्त्री करत बसले होते, तर शेजारच्या बाईने खिडकीवर टकटक केलं.

"कुणी गेलंय का घरात?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"मग आत काय करतेस? चल बाहेर."

ती ओद्रुन. त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. तेव्हा ती शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. रुंद खांदे, आखूड कापलेले केस आणि आवाज असा, की मागच्या बाकावरच्याने पाय समोरच्या सीटवर टाकले तर ती वळून न बघता नुसत्या हाकेने ते खाली उतरवायची. बसमागे कुणी धावत आलं तर ती थांबायची, दार उघडायची आणि तो धापा टाकत चढला की म्हणायची, "सावकाश ये हो. आम्हाला कुठे काय काम आहे." ती मूळची सेन्या बेटावरची, आणि सेन्याच्या माणसांना इथले लोक जे जे म्हणतात, हट्टी, तोंडाळ, खाण्यात चवीची, ते सगळं ती होती.

निवृत्त झाल्यावर काही दिवस तिने घरातले धुतलेले पडदे पुन्हा पुन्हा धुतले. मग एके दिवशी गणवेश चढवून बाहेर पडली. उन्हाळ्यात बंदरात मोठमोठ्या प्रवासी बोटी लागतात, त्यातल्या पाहुण्यांना फिरवायला बसगाड्या कमी आणि ड्रायव्हर त्याहून कमी पडतात. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती पाहुण्यांची बस चालवायची. पुलापलीकडचं ते त्रिकोणी चर्च, केबल कार, मग आमच्या बेटाला वळसा घालून पलीकडच्या पांढऱ्या वाळूपर्यंत आणि परत. "सूर्य मावळतो कधी हो इथे?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "त्यालाच विचारायचं राहिलंय."

तिचा नवरा आर्नुल्फ बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कमी बोलणारा, लांब हातांचा माणूस. ओद्रुन वाक्य सुरू करायची, हा मान डोलवून संपवायचा. दोघांचं छान चाललं होतं. भांडण असायचं ते एकाच गोष्टीवरून, आणि तेही वर्षातून एकदाच, मुल्ते पिकले की.

मुल्ते म्हणजे दलदलीत उगवणारं वीतभर उंचीचं झुडूप आणि त्याच्या टोकाला एकच फळ. कच्चं असताना लालबुंद आणि टणक. पिकलं की पिवळंधमक आणि इतकं मऊ, की बोट लागताच रस सुटतो. पिकतात थोडेच आठवडे, जुलै सरता सरता ते ऑगस्टभर, आणि सगळीकडे नाही. ज्याला जागा ठाऊक, त्याला फळ. ती जागा इथे कुणी कुणाला सांगत नाही. भावाला सांगत नाहीत, पाद्र्याला सांगत नाहीत. बापाने मरायच्या आधी मुलाला हात धरून दाखवली तर दाखवली. त्या दिवसांत बादली घेऊन निघालेल्या माणसाला "कुठे निघालास?" असं विचारणं म्हणजे असभ्यपणा, आणि विचारलंच तर थाप मारणं हा त्याचा हक्क. ताकाला जाऊन भांडं लपवणं आपल्याकडे वाईट. इथे ते चांगल्या घरचं वळण.

आर्नुल्फला त्याची जागा वडिलांकडून मिळालेली. ओद्रुनला तिची बसने दिली. शेवटच्या थांब्यावर बस थोडा वेळ उभी असायची, तेव्हा पाय मोकळे करायला म्हणून ती एकदा टेकाडावर चढली आणि पलीकडे बघते तर सगळं पिवळं. हे तिने मला सांगितलं, पण कुठल्या मार्गावरचा शेवटचा थांबा ते सांगितलं नाही.

लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं, लग्न एक, मुल्ते वेगळे. तळघरातल्या डीप फ्रीजरमध्ये डावा कप्पा तिचा, उजवा त्याचा. तो सकाळी बादली हत्यारांच्या पेटीखाली दडपून गाडीने निघायचा, ती दुपारी रेनकोटात गुंडाळून. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसायची. आर्नुल्फ टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेका फळाच्या खालची हिरवी टोपी खुडत बसायचा, कारण तो देठापासून तोडून आणायचा. ओद्रुनचं फळ आणतानाच स्वच्छ. ती टोपी देठावरच ठेवून फळ अलगद सोडवते. सेन्याची पद्धत.

"रात्र जाईल तुझी त्यात," ती म्हणायची.

"जाऊ दे. माझे गोड आहेत."

"आंबट आहेत. सावलीतले असणार."

"तुला काय ठाऊक कुठले ते."

आणि मग दोघंही चोराला शिव्या द्यायची. दोघांच्याही जागेवर चोर येत होता, वर्षानुवर्षं. ओद्रुन म्हणायची, "आजही येऊन गेला मेला. टोपीसकट ओरबाडतो, नुसते बोडके देठ ठेवतो. रानटी." आर्नुल्फ मान डोलवून म्हणायचा, "माझ्याकडचा चोर बरा आहे त्यामानाने. टोप्या ठेवतो." मी कितीदा तरी त्या टेबलाशी कॉफी पीत हे ऐकलंय. माझ्या डोक्यात काही आलं नाही. निम्मं गाव असं तोडतं आणि निम्मं तसं.

मग आर्नुल्फ विसरायला लागला. आधी शब्द, मग चहाखालचा गॅस, मग घराच्या पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते. हिवाळ्यात बरं होतं. बाहेर काळोख, आत दिवा, तो स्टोव्हपाशी बसून राहायचा. पण उजेड परत आला तसे त्याचे पाय सुटले. दिवस संपतच नाही म्हटल्यावर त्याला थांबायचं कधी हेच कळेना. आणि जुलै अर्धा झाला तसा तो बादली घेऊन निघायला लागला. रोज. पुलावर सापडायचा, शाळेच्या मागे सापडायचा, एकदा तर ओळखीच्या माणसाने त्याला विमानतळाच्या कुंपणापाशी वळवून आणला.

"कुठे निघाला होतास रे?" ओद्रुन विचारायची.

"कुठे नाही."

"मला सांग. मी सोडते तुला गाडीने."

आर्नुल्फ तिच्याकडे बघून ओठ घट्ट मिटून घ्यायचा. बाकी सगळं निसटलं होतं, हे कुलूप मात्र शाबूत.

त्यांची मुलगी तूरिल दूर दक्षिणेकडच्या बर्गनहून सुट्टी काढून आली ती काळजीत आली. नगरपालिकेच्या म्हाताऱ्यांच्या घरात बाबाला जागा मिळत होती. विसरणाऱ्या माणसांचा वेगळा मजला, आतून न उघडणारं दार. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"आई, तो एक दिवस पाण्यात पडेल," तूरिल म्हणाली.

"तो उगाच फिरत नाही. त्याला एका जागी पोचायचंय. एकदा बादली भरू दे त्याची, शांत होईल. बंद दारामागे त्याला तेवढंही मिळणार नाही."

"मग ने ना त्याला."

"कुठे नेऊ?" ओद्रुन म्हणाली. "मला काय ठाऊक कुठे?"

आणि खरंच तिला ठाऊक नव्हतं. एका उशीवर आयुष्य काढलं, पण हे विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं.

त्या आठवड्यात बंदरात रोज बोट लागत होती आणि ओद्रुनने शब्द दिलेला. तूरिल म्हाताऱ्यांच्या घराच्या कागदपत्रांसाठी कचेऱ्यांतून फिरत होती. म्हणून ओद्रुनने आर्नुल्फला पाहुण्यांच्या बसमध्येच आपल्या मागच्या सीटवर बसवलं आणि मला म्हणाली, "विनिता, तू याच्या शेजारी बस. खिडकीकडे तो, बाहेरच्या बाजूला तू. निसटू देऊ नकोस."

आर्नुल्फ मांडीवर बादली घेऊन बसला. बस कुठेही थांबली की पहिला उठायचा, मी हात धरून बसवायची. पलीकडे एक आजीबाई होत्या, गळ्यात दुर्बीण, फार उत्साही. त्यांनी विचारलं, "बादलीत काय आहे?"

"काही नाही."

"मग कशाला?"

"असू दे."

"इथे म्हणे ती पिवळी फळं मिळतात. कुठे मिळतात हो?"

आर्नुल्फचा चेहरा उजळला. तो बाईंकडे पुरता वळला आणि त्याने रस्ता सांगितला. पुलापलीकडे, केबल कारने वर, तिथून ओढा ओलांडून डावीकडे, मोडक्या कुंपणापर्यंत. पोत्याने आहेत. बाईंनी सगळं नीट समजून घेतलं. त्या डोंगरावर दगडाखेरीज काही उगवत नाही. आरशात ओद्रुनचे डोळे मला दिसले. ती हसत होती आणि डोळे भरले होते.

"कालपासून मुलीचं नाव आठवत नाहीये त्याला," ती पुढे बघत म्हणाली. "पण थाप बघ कशी बिनचूक."

पांढऱ्या वाळूपाशी पाहुणे बूट काढून पाण्यात पाय घालायला धावले. दुर्बीणवाल्या आजींनी मला फोटो काढायला सांगितलं. मी एक काढला, त्यांना आवडला नाही, दुसरा काढला. वळून बघते तर आर्नुल्फ नाही.

ओद्रुनने बसचं दार लावलं आणि धावत सुटली. ती एका बाजूला, मी दुसऱ्या. टेकाडाच्या मागे मच्छीमारांचा लहानसा धक्का आहे, तिथे तो मला दिसला. गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी बोटीची दोरी सोडत होता. दोन खुंट्यांची सोडून झाली होती, तिसरीची गाठ हातात होती. मी हाक मारली तेव्हा ओद्रुनही पोचली.

"काय करतोयस, कॉड माशाच्या डोक्या?" तिचा श्वास फुलला होता.

"भरती चढतेय," आर्नुल्फ म्हणाला. "भरतीलाच लागते बोट. नाहीतर चिखल."

ओद्रुन धक्क्यावर बसली. तूरिल काय म्हणेल, पाहुणे बसपाशी खोळंबलेत, यातलं काही तिच्या ध्यानात नव्हतं.

"बोटीने जायचा," ती मला म्हणाली. "ऐकलंस? गाडीने निघायचा, कारखान्यात जायचा आणि गिऱ्हाइकाची बोट काढायचा. इंजिन चालवून बघतो म्हणून. मी गाडीचे रस्ते धरून बसले आणि हा बोटीने जायचा."

संध्याकाळी तूरिलला सगळं कळलं. ती ओरडली नाही, पण तिने फोन उचलला. ओद्रुनने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"सोमवारपर्यंत मुदत आहे ना? मग रविवार माझा."

आमच्याकडे एक लहान बोट आहे. माझे यजमान ती धुतात आणि मी चालवते, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. रविवारी भरती कधी ते बघून मी ती खाली आणली. आर्नुल्फ रबरी बूट घालून, बादली घेऊन, कुणी न सांगता बोटीच्या नाकाशी जाऊन बसला. इतका सरळ बसलेला मी त्याला हिवाळ्यापासून पाहिला नव्हता. तूरिल दोन शाली घेऊन आली.

"मीपण येते."

"तू नाही," ओद्रुन म्हणाली. "तू आता बर्गनची. घरी पोचेपर्यंत चार जणांना सांगशील."

"आई, मी वकील आहे. गुपितं ठेवणं माझा धंदा आहे."

"तेच म्हणते. फुकट ठेवणाऱ्याचं काम आहे हे."

"आणि विनिता चालते?"

"तिला इथे आहे कोण, सांगायला?" ओद्रुन म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून पुरवणी जोडली, "तरी तू जमेल तितके डोळे मिटूनच चालव."

निघालो. "कुठे?" मी विचारलं. आर्नुल्फने हात केला. मी त्या दिशेला वळवली. पुष्कळ वेळ त्याच दिशेने गेलो. पाणी आरशासारखं होतं, डोंगरांवरचा बर्फ विरून ठिगळं उरली होती, आणि शहर मागे लहान होत गेलं. ओद्रुन माझ्याजवळ सरकली. तिचा चेहरा पडला होता.

"इकडे काही नाही, विनी. इकडे नुसता खडक आहे. मी इथली वाढलेली नसले तरी एवढं मला कळतं. तो हरवलाय. वळव."

"थोडं थांबू."

"वळव म्हणते ना. तूरिलचं खरं आहे."

तेवढ्यात आम्ही एका भूशिराला वळसा घातला. शहर दिसेनासं झालं, शेवटचं घरही दिसेनासं झालं. आर्नुल्फ उठून उभा राहिला. त्याने मागे बघितलं, डावीकडे बघितलं, पाण्यावर कुणी आहे का ते डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग खाली बसला आणि हात बरोबर उलट्या दिशेला केला.

"आता," तो म्हणाला.

ओद्रुनच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहीत नाही. सेन्याला ती लाडाची समजतात.

तिथून पुढे कुठे गेलो, ते मी सांगणार नाही. मीही आता इथलीच.

एका अरुंद खाडीत, भरतीच्या पाण्यानेच जिथे आत जाता येतं, तिथे आम्ही लागलो. चढ फार नव्हता. बर्चची वाकडी झाडं, खाली ओलं शेवाळ, आणि डोळ्यांत नाकात शिरणारी चिलटं. आर्नुल्फ पुढे. घराच्या पायऱ्या चुकणारा माणूस, पण इथे त्याचं पाऊल कुठल्या गवतावर पडेल ते जणू आधीपासून ठरलं होतं. ओद्रुन त्याच्या मागे, दर वेळी हात पुढे करून, न धरता. झाडं संपली आणि दलदल उघडी झाली. पिवळी. एका लांब उताराने वर चढत गेलेली, ठिकठिकाणी पिवळे ठिपके, वर मधोमध बसल्या गाईसारखा एक धोंडा आणि त्याच्याही वर क्षितिजाशी विजेचा एकुलता एक खांब.

आर्नुल्फने बादली टेकली, वाकला आणि तोडायला लागला. त्याचे लांब हात, महिनाभर नुसते दारांच्या कड्यांशी झटापट करणारे, एकाएकी शहाणे झाले.

मी ओद्रुनकडे पाहिलं. ती तोडत नव्हती. ती त्या खांबाकडे बघत होती.

"काय झालं?"

"त्या खांबाच्या पलीकडे रस्ता आहे," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"रस्त्यावर बसचा थांबा आहे. शेवटचा."

मला कळायला वेळ लागला. तिला लागला नसावा. ती खाली वाकली आणि आर्नुल्फने नुकतेच तोडलेले देठ तिने बोटांनी चाचपले. बोडके. टोपीसकट खुडलेले. मग ती माझ्याकडे बघून आवाज न करता हसायला लागली, खांदे हलत होते, आणि तिने हातमोज्याने तोंड दाबलं.

"समोर बसायचा गं," ती म्हणाली. "पेपर पसरून. चोर माझ्यासमोर बसून टोप्या काढायचा."

मग तिने आपला डबा काढला आणि सवयीने धोंड्याच्या दिशेने वर चढू लागली.

"तिकडे नाही," आर्नुल्फ म्हणाला.

ती थांबली. "का?"

"धोंड्याच्या वर जायचं नाही. खालचं आपलं."

"आणि वरचं?"

"वरचं ओद्रुनचं."

चिलटं गुणगुणत होती. ओद्रुन होती तिथेच उभी राहिली, एक पाय वर, एक खाली.

"कोण ओद्रुन?" तिने विचारलं.

आर्नुल्फने मान वर करून तिच्याकडे बघितलं, खुळ्या माणसाकडे बघावं तसं. "बायको माझी. बस चालवते. थांब्यावरून येते ती, त्या तिकडून."

"तुला काय ठाऊक ती येते?"

"टोप्या ठेवते ना. सेन्याची आहे. आळशी असतात."

"नीटनेटकी असेल."

"असेल. बोलते फार."

"तिला ठाऊक आहे का, की तू इथे येतोस?"

"छे." आर्नुल्फ पुन्हा वाकला. "तिला वाटतं चोर येतो." आणि तो हसला. थोडंसं, स्वतःशी, जुन्या गमतीला हसावं तसं. "सांगू नकोस कुणाला. ती जागा बदलेल मग."

तो थट्टा करत होता, की समोरच्या बाईला ओळखत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. ओद्रुनने विचारलं नाही. ती खाली उतरली, त्याच्या शेजारी वाकली आणि तोडायला लागली. मी पाहिलं, ती टोपीसकट तोडत होती.

परत येताना आर्नुल्फ बोटीत झोपला. बादली दोन्ही पायांत. संध्याकाळी ओद्रुनने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तो टोप्या काढत बसला. तिने त्याच्या ढिगातला एक उचलून तोंडात टाकला.

"आंबट," ती म्हणाली.

"तुझेच आंबट," आर्नुल्फ म्हणाला.

तूरिल दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आई, कदाचित तुझंच बरोबर होतं. शांत झाला."

सोमवारी सकाळी तो बूट घालून, बादली घेऊन दारात उभा होता. रविवार त्याच्या डोक्यातून पुसून गेला होता. कडी ओढत होता, आणि तूरिल त्याला धरून होती, आणि तो म्हणत होता, सोड, उशीर होतोय. मी आवाज ऐकून गेले तेव्हा तूरिलच्या हाताला ओरखडा होता.

"काही उपयोग झाला नाही," ती म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

"झाला," ओद्रुन म्हणाली. "आता मला ठाऊक आहे तो कुठे निघालाय."

तिने दोन फोन केले. एक नगरपालिकेला, ती जागा तूर्त दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. पलीकडची बाई बहुधा म्हणाली असावी की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही, कारण ओद्रुन म्हणाली, "मलाही नाही सांगता येत. बर्फ पडला की बोलू." दुसरा फोन बस कंपनीला, की या उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी दुसरा ड्रायव्हर बघा. मग तिने आपले बूट चढवले. तूरिल म्हणाली, "रोज बोटीने जाणार? विनिताला दुसरं काम नाही?"

"बोट कशाला? बस आहे की."

तो ऑगस्ट असा गेला. रोज दुपारी मी खिडकीतून बघायची, दोघं थांब्यावर उभी, तो अस्वस्थ, एका पायावरून दुसऱ्यावर, ती त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरून. कधी मीही जायची. शेवटच्या थांब्यावर उतरून टेकाड चढलं की खांब, खांबापासून खाली धोंडा. वरच्या बाजूला, जिथे पाय ठेवू तिथे फळ, पण आर्नुल्फ तिथे एकाला हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंना न बघता, घाईघाईने, दुसऱ्याच्या अंगणातून जावं तसा तो तिच्या दलदलीतून खाली उतरायचा आणि धोंड्याच्या पलीकडे गेला की वाकायचा. ती वर, तो खाली. मध्येच तो ओरडायचा, "चोर आला का?"

"येऊन गेला," ती वरून सांगायची.

तूरिल सुट्टी संपवून गेली. जाताना तिने आईला मिठी मारली आणि माझ्या कानात म्हणाली, "हे किती दिवस चालणार?" म्हाताऱ्यांच्या घरातल्या त्या मजल्यावर तेव्हा दुसरं कुणी राहायला आलं होतं.

मग मुल्ते संपले. पानं तांबडी झाली, डोंगरांच्या टोकांवर पहिली पांढरी भुकटी पडली, सूर्य पुन्हा माणसांसारखा वेळेवर झोपायला लागला. बंदरातल्या बोटी कमी झाल्या. आर्नुल्फ थांबला नाही. तो बादली घेऊन निघतच राहिला आणि ओद्रुन त्याच्याबरोबर.

त्या मार्गावर आता स्टाइनार असतो, ओद्रुननेच शिकवून तयार केलेला ड्रायव्हर. परवा मी त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढले. स्टाइनारने बादली बघितली. मुल्ते संपून कितीतरी दिवस झालेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने आरसा जरा वर वळवला, म्हणजे कोण कुठे उतरतं ते त्याला दिसणार नाही, आणि समोर बघत म्हणाला, "आज शेवटच्या थांब्यावर जरा जास्त वेळ थांबावं लागणार. ब्रेक बघायचेत."

"बघ सावकाश," ओद्रुन म्हणाली. "आम्हाला कुठे काय काम आहे."